मदत हवी आहे: सेलिब्रिटी खासदारांचं काम मोजायचं कशावर?

मंडळी, मित्रांत एक वाद पेटलाय आणि त्यात मला नीट मुद्दे हवे आहेत.

२०१२ साली सचिन तेंडुलकर आणि रेखा राज्यसभेवर नामनियुक्त (निवडून न येता राष्ट्रपतींनी नेमलेले) झाले आणि पुढे त्यांच्या हजेरीवरून बराच गदारोळ झाला. आमच्यातला एक गट म्हणतो, सभागृहात येत नसतील तर पद घ्यायचंच कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, सचिनने खासदार आदर्श ग्राम योजनेत डोणजा गाव विकासासाठी दत्तक घेतलं, ते का नाही मोजत? मला पहिलं पटतं, पण नुसत्या हजेरीवर माणूस तोलणं जरा सोपं वाटतं. सही करून निघून जाणारेही असतातच की! शिवाय मंत्र्यांना हजेरीच्या रजिस्टरात सही करावीच लागत नाही, म्हणजे तुलना तिथेच फसते.

स्थानिक विकासकामांसाठीच्या खासदार निधीचंही तेच. वर्षाला ५ कोटी म्हटलं की लोकांना वाटतं पैसे खासदाराच्या खिशात येतात. तो फक्त कामं सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. नामनियुक्त सदस्य तर देशात कुठेही काम सुचवू शकतो, मग जाब विचारणार कोण? त्यांचा मतदारच नाही.

मग प्रश्न विचारणं, चर्चेत बोलणं, समितीतलं काम, यातलं कशाला किती वजन द्यावं? सुचवलेली कामं खरंच पूर्ण झाली का, हे माहिती अधिकारात विचारायचं तर अर्ज कुणाकडे टाकायचा? कुणी टाकला असेल तर मजकूर कसा लिहिला तेही सांगा. लग्न-घटस्फोटाच्या बातम्या कृपया नकोत, त्या आमच्याकडे भरपूर आहेत.