बाईच्या मूर्तीचं जुनं टेबल घड्याळ: ब्राँझ आहे की नाही, घ्यावं का?

धरमपेठी
नमस्कार मंडळी, इतवारीत एका जुन्या सामानवाल्याकडे एक घड्याळ पाहून आलो तेव्हापासून डोक्यात तेच घोळून राहिलं. हातभर उंच असेल, खाली पांढऱ्या संगमरवराचा चौथरा, वर खडकावर बसलेली बाई, मांडीवर उघडं पुस्तक, बाजूला खडकातच डायल बसवलेली, पांढरी, रोमन आकडे, आणि त्यावर कोणाचं तरी अर्धं पुसलेलं नाव आणि खाली पॅरिस. चावीची दोन भोकं आहेत आणि १२ च्या वर एक अगदी बारीक तिसरं. दुकानदार म्हणते शुद्ध ब्राँझ, नेपोलियनच्या काळातलं, भोसल्यांच्या वाड्यातून आलं. मूर्तीच्या पायाशी ऑग. मोरो अशी सही आहे. बाईच्या करंगळीचं टोक तुटलं आहे, आतून करडं दिसते, बाकी सगळं ठीक. ४० हजार सांगून राहिला. मी या गोष्टीत पूर्ण नवा आहे, जाणकारांनी सांगा. आणि घेतलं तर पितांबरी लावून चमकवू का?

जुना काटा
भाऊ, आधी पितांबरीचा डबा कपाटात ठेव.

आता करंगळीबद्दल. तू सहज लिहून गेला पण उत्तर तिथंच आहे. ब्राँझ असं बोटाच्या टोकाशी कटकन तुटत नाही, आणि तुटलं तरी आतून पिवळसर-लालसर दिसते. आत करडं, बारीक दाणेदार दिसते म्हणजे ते जस्त, याला स्पेल्टर म्हणतात. साच्यात ओतायचं, कडेचं थिजलं की मधलं पातळ परत ओतून घ्यायचं, म्हणून मूर्ती आतून पोकळ आणि स्वस्त. मग वरून तांब्याचा किंवा पितळेचा मुलामा आणि रंग देऊन ब्राँझ भासवायचं. खात्री पाहिजे तर दुकानदाराला विचारून मूर्तीच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, टाचणीने हलकंसं खरवड. चांदीसारखं पांढरं चमकलं तर जस्त, सोनेरी दिसलं तर ब्राँझ किंवा पितळ. नखाने टिचकी मारली तर ब्राँझ जरा घुमते, जस्त ठक्क करते. लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही, त्याने फक्त खाली लोखंड आहे का एवढं समजते.

सहीवर जाऊ नको. ऑगुस्त मोरो खरा शिल्पकार होता (१८३४ ते १९१७), पण त्याचं नाव साच्यातच असायचं, त्यामुळे ते शेकड्याने ओतलेल्या मूर्त्यांवर आहे, आणि नंतरच्या नकलांवर पण आहे. डायलवरचं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्या दुकानाचं असते, बनवणाऱ्याचं नाही.

खरी माहिती मागे आहे. मागचं गोल झाकण उघड, लंबक बाजूला कर, आणि मागच्या पितळी प्लेटचा टॉर्च मारून फोटो काढ. शिक्का, आकडे, जे काय असेल ते सगळं लिही इथे.

खामल्याचा बाप्या
नागपुरातली प्रत्येक जुनी वस्तू भोसल्यांच्या वाड्यातूनच कशी येते बे, बाकीच्या लोकांच्या घरी काय काहीच नव्हतं काय 😄

धरमपेठी
आज परत गेलो होतो. दुकानदार जरा कुरकुरला पण उघडू दिलं. मागे तळहाताएवढी गोल प्लेट, वर एक घंटी. प्लेटवर गोल शिक्का, त्यात एस. मार्टी, खाली मेडाय दार्जां आणि १८८९. त्याच्या खाली एक चार आकडी नंबर आणि वेगळा ४ ६. लंबकाच्या मागेही तोच चार आकडी नंबर कोरला आहे. खाली टाचणी लावून पाहिली, पांढरं निघालं. म्हणजे फसलो असतो ना?

जुना काटा
फसला असता ते फक्त भावात. घड्याळ चांगलं आहे.

मार्टी हा फ्रान्समधला यंत्रं बनवणारा मोठा कारखानदार, दुसरा जापी फ्रेर, तोही असाच गोल शिक्का मारायचा. हे लोक यंत्र बनवून पुरवायचे आणि पॅरिसवाले ते आपापल्या मूर्तीत बसवायचे. आता शिक्क्यावरचं १८८९ पाहा. मेडाय दार्जां म्हणजे चांदीचं पदक, आणि हे पॅरिसच्या त्या प्रदर्शनात मिळालेल्या त्या पदकाचं वर्ष आहे, ज्याच्यासाठी आयफेल टॉवर बांधला. म्हणून हे यंत्र १८८९ च्या आधीचं असूच शकत नाही, नंतरचं असू शकते. नेपोलियन १८२१ मध्येच गेला, त्यामुळे दुकानदाराला तेवढं सांगून दे. तसंही १२ च्या वरचं बारीक भोक हेच सांगत होतं. ते ब्रोको पद्धतीचं आहे, चावीच्या बारीक टोकाने फिरवलं की लंबक ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती वर-खाली होते आणि घड्याळाची चाल जलद-हळू करता येते. ही सोय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास झाली, त्याच्या आधी लंबक रेशमाच्या दोऱ्यावर लटकायचा.

४ ६ म्हणजे लंबकाची लांबी, ४ जुने फ्रेंच इंच आणि ६ लीन्य. तो इंच आपल्या इंचापेक्षा थोडा मोठा, साधारण २७ मिलिमीटर, त्यात १२ लीन्य, म्हणजे बारा सेंटिमीटरच्या आसपास झाली. लंबकावर आणि प्लेटवर नंबर एकच आहे ही सगळ्यात आनंदाची बातमी, कारण घर बदलताना लंबक हरवतो आणि मग कोणताही जोडून देतात आणि घड्याळ आयुष्यभर चुकत राहते.

एक गोष्ट अजून पाहायची राहिली. यंत्र मूळ याच मूर्तीचं आहे का ते. असली घड्याळं समोरच्या डायलच्या कड्यापासून मागच्या कड्यापर्यंत दोन पट्ट्यांनी आवळलेली असतात. पट्ट्या वाकवलेल्या, नवीन भोकं पाडलेली, कड्याभोवती फट, असं काही दिसलं तर जोडकाम समज.

सक्करदरा ताई
जुना काटांनी सगळं सांगितलं, मी फक्त सांभाळण्याबद्दल लिहिते. आमच्या सासऱ्यांचं अॅन्सोनिया कंपनीचं घड्याळ आहे, अमेरिकेतल्या ब्रुकलिनचं. ते कंपनीवाले पण जस्ताचेच पुतळे बनवायचे आणि काही डायलमध्ये टिकटिक करणारा भाग मुद्दाम समोरूनच दिसतो, लहान पोरं तासन् तास पाहतात. कोण्या एका दुकानात ते साफ करायला दिलं होतं, त्यांनी पॉलिश मारून मूर्तीचा अर्धा रंग काढून आणला, आता बाई एका बाजूने सोनेरी आणि दुसऱ्या बाजूने राखाडी. म्हणून सांगते, मऊ ब्रशने धूळ झटका, बस. आणि करंगळी कोणाकडून झाळून घेऊ नका, जस्त ४१९ डिग्रीवरच वितळते, झाळणाऱ्याचा हात जरा जास्त रेंगाळला तर अख्खं बोट खाली.

अजून एक, कूलरच्या खोलीत ठेवू नका! आपल्या इकडे एप्रिल ते जून कूलर दिवसरात्र चालतो, हवा दमट होते, आणि आतले स्टीलचे भाग म्हणजे स्प्रिंग, लंबकाची पातळ पट्टी, यांना गंज चढतो. मूर्तीवर पांढरट पावडर येऊन राहिली तर समजा तिलाही ओल लागली.

खामल्याचा बाप्या
मग भाव काय म्हणता? ब्राँझ नाही तर भंगारच झालं न ते.

जुना काटा
भंगार कशाला हो. यंत्र उत्तम आहे, आणि नीट जमलेली जस्ताची मूर्ती बेढब ब्राँझपेक्षा पाहायला केव्हाही बरी. फक्त ब्राँझच्या भावात घेऊ नये एवढंच. जस्त, तुटकी करंगळी, आणि शेवटचं तेल केव्हा घातलं कोणास ठाऊक, या तीन गोष्टी समोर ठेवून बोल, आणि साफसफाईचा खर्च त्यातून वजा कर. अडलेल्या यंत्राला जबरदस्तीने चावी देऊ नको, त्या स्प्रिंगमध्ये जोर असतो, दात तुटले तर खर्च वाढतो. आणि चांगलं आहे म्हणून मागे लागणाऱ्या परदेशी नातेवाइकांना आधीच सांग, १०० वर्षांवरच्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, ते बॅगेत टाकून नेता येत नाही.

धरमपेठी
पट्ट्या सरळ आहेत, फट नाही, नवीन भोकं नाहीत. १८८९ दाखवल्यावर दुकानदार आधी गप्प बसला आणि मग म्हणते, साहेब तुम्हीच सांगा. २२ हजारांना घेऊन आलो. फक्त टोल चुकीचे पडून राहिले, काटा ४ वर आणि वाजते ९.

जुना काटा
मागे बाहेरच्या बाजूला कडेला खाचा असलेलं चक्र दिसते का? खाचांमधलं अंतर वाढत जाते बघ. असेल तर ते काट्याकडे पाहत नाही, नुसतं मोजत जाते, म्हणून चुकते. बिघाड नाही. मिनिटकाटा १२ वर आणून थांब, किती वाजतात मोज, आणि मग तो खाचेत पडणारा लिव्हर हलकाच उचलून सोड, पुढचा टोल पडेल. जमेपर्यंत असंच करत जा. काटे उलटे फिरवू नको. आणि हलवायचं असेल तर आधी लंबक काढून ठेव, नाहीतर लंबकाची ती पातळ पट्टी मोडते.