सदतीस मिनिटं दम धरवत नाही का? ('वन कट ऑफ द डेड'वरून)

तिसरी घंटा
काल नानांनी इथे टाकलं होतं : "सगळे म्हणतात म्हणून तो जपानी झोंबी पिक्चर लावला. अर्ध्या तासात बंद केला. आमच्या सोसायटीच्या गणपतीत याहून बरी नाटकं होतात. मराठी पोरांनी असलं काही काढलं असतं तर जोडे मिळाले असते, जपानी म्हटल्यावर कौतुक." खाली अंगठ्यांची रांग. उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

नाना, तुम्ही जिथे बंद केलात त्याच्या पुढे पिक्चर सुरू होतो हो.

सुरुवातीची ३७ मिनिटं एकही कट नाही. ओसाड जलशुद्धीकरण केंद्र, तिथे झोंबीपटाचं शूटिंग, आणि खरे झोंबी येतात. दिग्दर्शक थेट कॅमेऱ्यात बघून बोंबलतो. तिघं जण मध्येच, काही कारण नसताना, 'तुमचा छंद काय' असल्या गप्पा मारत उभे राहतात. किंकाळी संपता संपत नाही. कॅमेरा जमिनीवर पडून राहतो आणि उचलला जातो तेव्हा येडपटासारखा झूम मारू लागतो. लेन्सवर रक्त उडतं, कुणीतरी ते पुसतं. भिकार दिसतं, शंभर टक्के कबूल. मग गोष्ट महिनाभर मागे जाते. हिगुराशी नावाचा दिग्दर्शक, ज्याची ख्याती 'झटपट, स्वस्त आणि जेमतेम बरं', त्याला एक चॅनल सांगतं : झोंबीपट हवा, लाइव्ह हवा, एका टेकमध्ये हवा. शेवटच्या भागात तीच ३७ मिनिटं आपण कॅमेऱ्यामागून बघतो. एक नट दारू पिऊन आडवा, दुसऱ्याचं पोट बिघडलेलं, दोघं अपघातामुळे पोचलेच नाहीत. आधी जे जे भिकार वाटलं त्या प्रत्येकाचा हिशोब चुकता होतो.

आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेत आमचा हवालदार लोकल बंद पडल्याने बदलापूरला अडकला होता. प्रॉम्प्टिंग करणारा पोरगा टोपी घालून आत गेला आणि पहिलं वाक्य बोलला तेही हिरोचं. हिरोने त्याला तिथल्या तिथे 'साहेब, तुम्ही माझ्या मनातलं बोललात' असं उत्तर दिलं. विंगेत आम्ही एकमेकांची तोंडं दाबून धरली होती. ज्याने एकदा विंगेतून हे पाहिलंय त्याला हा पिक्चर कळायला सबटायटल लागत नाहीत.

उशिरा आलेला
अरे!! शनिवारी बघणार होतो. सगळं सांगून टाकलंस. धाग्याच्या डोक्यावर दोन शब्दांचा इशारा द्यायला काय जातं?

तिसरी घंटा
२०१७ चा पिक्चर आहे रे. किती वर्षं थांबायचं तुझ्यासाठी?

रोखठोक नाना
आमच्या नावाने धागा निघाला म्हणजे आम्ही मोठे झालो. धन्यवाद.

मुद्दा साधा आहे. प्रेक्षकाने परीक्षा का द्यायची? जेवायला बोलवून आधी कच्ची भाकरी वाढायची आणि वर म्हणायचं, थांबा, आत पुरण शिजतंय. नंतर चांगलं आहे म्हणून आधीचं वाईट माफ, हा न्याय मराठी पिक्चरला कधी लावलात? त्याला पहिल्या दहा मिनिटांत 'सीरियलसारखा वाटतो' म्हणून निकालात काढता. आणि मुद्दाम वाईट केलंय हे मला आधी कसं कळावं?

भुताची मावशी
नाना, झोंबी असून तुम्ही हसला नाहीत यातच सगळं आलं. आपल्याकडे भूत आणि हसू एकत्र नवीन आहे का? १९९३ साली तात्या विंचूने महाराष्ट्रातल्या अख्ख्या एका पिढीला बाहुल्यांच्या कपाटाकडे पाठ करून झोपायची सवय लावली. रामदास पाध्यांचा बाहुला तो. मी तेव्हा सात वर्षांची. घाबरायचे तीही त्यालाच आणि खिदळायचे तीही त्यालाच.

आणि मराठीला जोडे म्हणाल तर खरंच आहे, पण मारणारे आपणच. आदित्य सरपोतदारांनी 'झोंबिवली' काढला २०२२ च्या जानेवारीत, थिएटरं निम्म्या आसनांवर चालू होती तेव्हा. कितीजण गेलात? त्याच माणसाने २०२४ ला 'मुंज्या' हिंदीत केला तेव्हा सगळ्यांना कोकण आठवलं. आमच्या इथे मराठीला सकाळी पावणेदहाचा एक खेळ. पावणेदहाला भूत तरी उठतं का?

निशीकासाईकर
मी टोकियोत असतो. २०१८ च्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या एका शांत माणसाने, जो एरवी हवेवर पण बोलत नाही, 'काहीही वाचू नकोस, फक्त जा' म्हणून पाठवलं. जूनमध्ये दोनच थिएटरांत लागला होता, मी गेलो तोपर्यंत शेकड्याने झालेली. पहिली ३७ मिनिटं हॉलमध्ये स्मशानशांतता. मला वाटलं, जपानी लोक सभ्य आहेत म्हणून सहन करतायत. नंतर तेच लोक खुर्चीच्या हातावर थापा मारत होते. एरवी इथे नामावली संपेपर्यंत कुणी जागचं हलत नाही, आवाजही नाही. त्या दिवशी नामावलीलाही हसत होते, कारण त्यात खरी शूटिंग टीम त्याच टेकमागे धावताना दिसते.

खर्च ३० लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सतरा-अठरा लाख रुपये. गल्ला ३०० कोटी येनच्या वर. म्हणजे हजारपट. नाना, सोसायटीच्या गणपतीला सांगा.

लाइटवाला बंड्या
आला तो हजारपटीचा आकडा. वाटच बघत होतो.

त्या ३० लाखात नटांचा पगार किती होता ते पण सांगा की. तो सिनेमा टोकियोतल्या एका फिल्म-नाट्य शाळेच्या उपक्रमातून निघाला. नट कार्यशाळेची फी भरून आलेले. मानधन सोडा, पदरचे पैसे भरून काम! वर थोडी लोकवर्गणी. दिग्दर्शक शिनइचिरो उएदा, त्याचं तान्हं पोर पण पिक्चरमध्ये. असं फुकट पिकवलेलं पीक हजारपट येणारच. मजुरी शून्य धरली तर कुठलाही धंदा फायद्यात दाखवता येतो.

मी अकरा वर्षं लाइट करतोय. दर महिन्याला कुणीतरी फोन करतं, 'दादा, बजेट नाही, पण पॅशन प्रोजेक्ट आहे. जेवण आणि येण्याजाण्याचं देऊ.' मागच्या पावसाळ्यात असाच एक भुताचा विनोदी लघुपट. मावळात पडका वाडा, तीन रात्री. जेवण म्हणजे वडापाव, येण्याजाण्याचं म्हणजे दुसऱ्याच्या बाइकवर मागे. जनरेटर भाड्याचा, त्यात डिझेल मी टाकलं. पहाटे चारला भूत झालेली मुलगी ओल्या साडीत कुडकुडत होती आणि दिग्दर्शक म्हणतोय, 'हे थरथरणं मस्त आहे, ठेव.' लघुपटाला कुठेतरी बक्षीस मिळालं. मला व्हॉट्सॲपवर ट्रॉफीचा फोटो मिळाला. डिझेलचे पैसे अजून यायचेत.

हा पिक्चर अशा प्रत्येक दिग्दर्शकाच्या हातातला दाखला झालाय. 'बघा, जपानी पोरांनी कसं पैशांशिवाय केलं.' म्हणून मला त्याचा राग येतो. चांगला आहे म्हणूनच जास्त येतो.

तिसरी घंटा
बंड्या, तुझं डिझेल बुडवलं तो हरामखोर आहे. पण त्याचं पाप उएदाच्या माथी का? पीटर जॅक्सनने 'बॅड टेस्ट' मित्रांना घेऊन सुटीच्या दिवसांत चार वर्षं शूट केला, परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले. १९८७ ला बाहेर आला. ते पण शोषण?

लाइटवाला बंड्या
मित्र-मित्र रविवारी काय करतात ती त्यांची मर्जी. मित्र फी घेत नाहीत.

पडदा ओढणारी
फी शिकण्याची होती, पिक्चर त्या शिकण्याचा शेवट. आमच्याकडे अभिनयाच्या शिबिराला लोक पैसे भरतात आणि शेवटी पालकांसमोर वीस मिनिटांचं काहीतरी होतं. त्यापेक्षा हे बरं नाही का? त्या नटांची नावं आज जगात माहीत आहेत.

लाइटवाला बंड्या
'नाव होईल.' हेच ते वाक्य. माझ्या किराणावाल्याला नाव चालत नाही.

निशीकासाईकर
श्रेयावरूनही वाद झालाच होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका नाट्यसंस्थेच्या दिग्दर्शकाने म्हटलं, कल्पना आमच्या नाटकाची. पुढे तडजोड झाली, मूळ कल्पनेचं श्रेय दोघांना. बंड्याच्या बाजूने एवढं देतो. वर जे हजारपट लिहिलं ते जरा फुशारकीनेच लिहिलं.

भुताची मावशी
सगळे पैशावर घसरलात. रक्ताचं कुणी बोलेल का? पडद्यावर इतकं उडतं. आपण नाटकात काय वापरायचो?

पडदा ओढणारी
मावशी, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. अमेरिकेत 'ईव्हिल डेड'वाल्यांनी मक्याचं सिरप वापरलं. आम्हाला सिरप कुठलं, गुळाचा पाक केला, त्यात खायचा लाल रंग, काळपट दिसावं म्हणून चिमूटभर कोको. दिसायला झकास. मी प्रेत होते. पडदा उघडायच्या आधी वीस मिनिटं मला रंगमंचावर झोपवून ठेवलं. तेवढ्यात मुंग्या आल्या. काळ्या नव्हे, लाल. मानेपासून सुरू झाल्या. माझ्या मृत्यूवर नवरा स्वगत म्हणतोय आणि मी डोळे मिटून मोजतेय, ही कानाजवळची, ही पापणीवरची. एकीने कुठे चावावं ते सांगत नाही, पण प्रेताने पाय झाडला.

नवरा बिचारा हुशार. म्हणाला, 'अजूनही तुझा राग गेला नाही ना?' हॉल गप्प. मग टाळ्या. नंतर परीक्षक म्हणाले, मृत्यूनंतरही नातं संपत नाही हे दिग्दर्शकाने फार सूचकपणे दाखवलं. दुसरं बक्षीस आलं.

तिसरी घंटा
हेच! अख्खा पिक्चर हाच आहे!

लाइटवाला बंड्या
हसलो. पण त्या मुंग्यांचं मानधन कुणी दिलं?

रोखठोक नाना
माझा मुद्दा राहिलाच बाजूला. पडदाताईंच्या किश्श्यात मला आधीपासून माहीत आहे की मुंग्या आहेत, म्हणून हसू येतं. हॉलमधल्या माणसाला फक्त हललेलं प्रेत दिसलं. मी तो हॉलमधला माणूस आहे.

पडदा ओढणारी
हॉलमधल्या माणसाने टाळ्या वाजवल्या, नाना. उठून गेला नाही.

रोखठोक नाना
तुमच्या नाटकाला दार बाहेरून लावलं असेल.

उशिरा आलेला
आता सगळं कळलंच आहे तर काल रात्रीच बघून टाकला. शेवटी क्रेन मोडते आणि सगळी टीम एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरा रचते, वर हिगुराशीच्या खांद्यावर बसलेली त्याची मुलगी कॅमेरा धरून. पहिल्यांदा वरून घेतलेला तो शॉट बघताना कुणाला कळतं की खाली आठ-दहा माणसं लटपटतायत? बापाच्या स्क्रिप्टमध्ये तिचा लहानपणीचा खांद्यावरचा फोटो असतो, ते बघून डोळ्यांत पाणी आलं. (तुम्ही फोडलं नसतंत तर जास्त आलं असतं.)

फ्रेंच लोकांनी त्याची नक्कल काढली, २०२२ ला कान महोत्सवाचं उद्घाटन तिनेच झालं. ती आधी बघितली होती. चकाचक आहे, म्हणूनच मजा अर्धी. पैसेवाला माणूस हातघाईवर आल्याचं सोंग करतो तेव्हा कळतं.

लाइटवाला बंड्या
बघा, म्हणजे गरिबी खरी पाहिजे तुम्हाला. सोंग चालत नाही.

रोखठोक नाना
रात्री उरलेला बघितला. घरच्यांनी बघायला लावला, इथल्या कुणी नाही.

मनोऱ्याला हसलो. पोट बिघडलेल्या माणसाला पण हसलो, त्याबद्दल स्वतःला माफ केलेलं नाही. ती हिगुराशीची बायको 'पोम!' म्हणत हात सोडवून घेते, ते आमची नात सकाळपासून करतेय, माझा चहा दोनदा सांडला. पहिली ३७ मिनिटं अजूनही भिकारच आहेत. दुसऱ्यांदा बघितली तेव्हा कमी भिकार वाटली, बस. आणि बंड्याचं म्हणणं मला सगळ्यात पटलं. ज्याने डिझेल बुडवलं त्याचं नाव इथे नको, पण त्याला हा धागा पाठवा.

लाइटवाला बंड्या
पाठवला. निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.

भुताची मावशी
पडदाताई, गुळाचा तो पाक कपड्यावरून निघतो का? भाच्याच्या गॅदरिंगला झोंबी आहे आणि शर्ट नवा आहे.

पडदा ओढणारी
गूळ निघतो. खायचा रंग नाही निघत. जुना शर्ट घाला, आणि त्याला झोपवू नका.