एचओ इंजिनाची कॅब आतून सजवायची की सोडून द्यायची?

गेजवाला
वाफेच्या इंजिनाचं मॉडेल एचओ, म्हणजे १:८७ मापाचं असेल तर कॅबच्या (ड्रायव्हर उभा राहतो त्या खोलीच्या) आतलं काम म्हणजे वेळेची नासाडी, हे माझं मत. छत बसलं की दोन फुटांवरून आत नुसता अंधार दिसतो. तोच वेळ चाकांचं क्वार्टरिंग (डाव्या-उजव्या चाकांच्या क्रँकमधला काटकोन) आणि करंट घेणाऱ्या पट्ट्या नीट करण्यात घाला. जुन्या तयार मॉडेलांत तर मोटरचं शेपूटच कॅबमध्ये घुसलेलं असतं. तिथं काय सजवणार, डोंबल?

उद्यमनगर_लेथ
भावा, छत कायमचं चिकटवतंय कोण? ३ × १ मि.मी.च्या दोन चुंबकांवर बसवायचं. आणि वायपी, डब्ल्यूपीसारख्या आपल्याकडच्या इंजिनांना कॅबच्या बाजू मोकळ्या, मागनंही उजेड येतो. सपाट काळी भिंत लगेच डोळ्यात भरते.

करायचं असं. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून कॅबमध्ये बसतो का बघा, मग त्यावरून ०.५ मि.मी. स्टायरीनची (प्लास्टिकच्या पातळ शीटची) बॅकप्लेट, म्हणजे बॉयलरची कॅबकडची भिंत. दोन्ही बाजूंना अर्धा मि.मी. मोकळा ठेवा, नाहीतर रंगाचा थर चढल्यावर ती अडकते. नळ्यांसाठी भोकं ०.४ मि.मी.ची आधीच पाडायची. खऱ्या इंजिनातली २५ मि.मी.ची नळी इथं ०.३ होते, म्हणून ०.३ ची पितळी तार. कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकामाचं सामान विकणाऱ्यांकडं विचारा. झाळकाम (सोल्डरिंग) काय असेल ते बाहेर उरका. तार स्टायरीनवर बसवून मग झाळायला गेलात तर प्लेट वितळलीच म्हणून समजा.

रंग कोळशासारखा काळाकुट्ट नको, गडद राखाडी द्या. काळ्यावर सगळे उठाव गडप होतात. रेग्युलेटरचा (वाफ कमी-जास्त सोडायचा) दांडा हाताच्या घर्षणानं चकाकतो, तेवढ्यावर पेन्सिलीचं शिसं घासा.

मीटरगेज_मिरज
प्रेशर गेजवरच सगळं ठरतं. २०० मि.मी.ची तबकडी इथं २.३ मि.मी. छापून, पंचानं कापून बसवा आणि वर फेविकॉलचा एक थेंब सोडा. वाळला की काच. सुपरग्लू वापरलात तर पांढरी वाफ बसून खिडकीच्या काचासुद्धा धुरकटतात.

बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचनळीमागं तिरप्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्लेट असते. नळीत पाणी आहे तिथपर्यंत पट्ट्या उलट्या दिशेनं तिरप्या दिसतात, त्याच्या वर मूळच्याच दिशेनं. म्हणजे अर्धं पाणी दाखवायचं तर खालच्या अर्ध्यात रेघा उलट्या छापायच्या.

गेजवाला
हेच म्हणतोय मी! ५० मि.मी. रुंद प्लेट १:८७ ला ०.६ मि.मी. झाली. तिच्यातल्या रेघांची दिशा कोण बघणार? ओ गेजमध्ये, १:४३ ला, ती सव्वा मि.मी.च्या आसपास जाते. तिथं करा खुशाल.

मीटरगेज_मिरज
रेघांचं मान्य, एचओत त्या सोडा. तबकडी सोडू नका.

शॉर्टसर्किट
इंजिन आणि टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) यांच्यामधल्या लोखंडी पाटीबद्दल कुणीच बोलत नाही. बऱ्याच जुन्या पितळी मॉडेलांत इंजिन एका रुळावरून करंट घेतं, टेंडर दुसऱ्या. तिथं पितळी पाटी टेकवली की थेट शॉर्ट. सरळ रुळावर चालेल, वळणावर पाटी सरकून घासली की गाडी बंद, आणि तुम्ही दोष शोधत बसता रुळात. ०.२५ मि.मी. स्टायरीनची पाटी घ्या, इंजिनाकडच्या कडेलाच चिकटवा, टेंडरकडची मोकळी. तुमच्या सगळ्यात आवळ वळणावर आधी हातानं ढकलून बघा. पाटी लांब झाली तर टेंडरची पुढची चाकं उचलते.

उद्यमनगर_लेथ
हे अगदी बरोबर. आणखी एक: ड्रायव्हर-फायरमनचे पुतळे १:७६ चे, म्हणजे ओओ मापाचे, आणू नका. पावणेसहा फुटी माणूस एचओत साधारण २० मि.मी., ओओत २३. डोकं छताला लागतं, मग लोक पाय कापतात.

गेजवाला
बरं, भट्टीत दिवा लावायचा तर? कॅबभर नारिंगी उजेड सांडलेला बघितलाय.

शॉर्टसर्किट
०४०२ आकाराचा (१ × ०.५ मि.मी.) एक नारिंगी, एक लाल एलईडी. १२ व्होल्टवर प्रत्येकाला वेगळा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, साधारण २ मिलीअँप पुरतो. बॅकप्लेटची मागची बाजू आणि बॉडीचं आतलं प्लास्टिक आधी काळं रंगवा, नाहीतर पातळ प्लास्टिकमधून सगळं बॉयलर लाल दिसतं. आणि भट्टीचं दार पूर्ण उघडं दाखवू नका, बोटभर फट पुरे.

गेजवाला
बोटभर म्हणजे एचओत पाव मि.मी.! ठीक आहे. मोटर कॅबमध्ये नसलेलंच इंजिन घेऊन आधी प्लेट आणि तबकडी, एवढंच करतो.