अनुभव धागा: फ्रान्सच्या गावाकडचे किल्ले, घरच्यांसोबत

फ्रान्समधले किल्ले म्हटलं की लोक ल्वार नदीकाठचे राजवाडे दाखवतात. ते इथे नकोत. तटबुरुजांचे, लढाऊ, मध्ययुगीन किल्ले हवेत. पोरंबाळं, आजी-आजोबा बरोबर असताना दिवस कसा गेला ते लिहा. कंटाळा आला असेल तर तोही. सुरुवात मीच करते.

दोर्दोन्य नदीवरचा कास्तेलनो. सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गावातून वर जाणारी वाट चांगलीच उभी, पण सासूबाई तरुणपणी सिंहगड चढलेल्या, त्यांनी हूं की चूं केलं नाही. आत मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे. चिलखतं, तलवारी पाहून झाल्या, पण पाय अडले ते अंगणातल्या दगडफेकी यंत्रांपाशी. लांबलचक लाकडी दांडा, एका टोकाला वजनाची अजस्र पेटी, दुसऱ्या टोकाला दोरांची झोळी. पेटी खाली आली की दांडा उसळतो आणि झोळीतला धोंडा सुटतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर गोफण! आम्ही ज्वारीवरची पाखरं हाकायचो तशी." मग नातवाला सगळं त्यांनीच समजावलं, माहितीफलक राहिले बाजूला. समोर नदीपलीकडे बेनाकचा किल्ला दिसतो. शंभर वर्षांच्या युद्धात बराच काळ हा इंग्रजांकडे, तो फ्रेंचांकडे. रोज सकाळी उठून शत्रूचं तोंड बघायचं!

जेवणाचं मात्र सांभाळा. दोन वाजले की खेड्यातल्या हॉटेलांची चूल बंद. आम्ही धपाटे नेले होते म्हणून निभावलं.

*

आमचा गेडेलाँ, बर्गंडीत, पॅरिसहून गाडीने साधारण दोन तास. हा जुना नाही, आधीच सांगतो. 1997 पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने नव्याने बांधताहेत. दगड शेजारच्याच खाणीतला, लाकूड जंगलातलं, ओझी वाहायला घोडे. एक माणूस मोठ्या लाकडी चाकाच्या आत चालतो आणि दोराने दगड वर चढतो. लेकीला सगळ्यात आवडली ती गाठींची दोरी. सारख्या अंतरावर गाठी, तीन-चार-पाच भागांचा त्रिकोण ताणला की काटकोन तयार. सहावीतल्या मुलीला पायथागोरस न शिकवता कळला. इथले काही सुतार पुढे पॅरिसच्या नोत्रदाम चर्चचं जळालेलं छप्पर नव्याने बांधतानाही होते. हिवाळ्यात बंद असतो, बघून जा.

*

केरिबुस, दक्षिण फ्रान्समधला किल्ला. 728 मीटरवर, कड्याच्या टोकाला. कॅथार पंथीयांचा (चर्चने पाखंडी ठरवलेला मध्ययुगीन ख्रिस्ती पंथ) हा शेवटच्या आसऱ्यांपैकी एक, 1255 मध्ये पडला. वारा असा की धाकटीला कडेवरच घेतलं. बाबा तिकीटखिडकीपाशीच बसले, आणि बरं झालं.

*

कार्कासोन शहर आहे, धाग्यात बसत नाही. तरी सांगतो: दुहेरी तट बघा, लाकडी तलवारींची दुकानं टाळा. टोकदार छपरं एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीतली.

*

बाबागाडीचं एकाने विचारलंय. कास्तेलनोत नकोच, जिने अरुंद आहेत. बाळाला पाठीवर बांधा.