किनाऱ्यावर पैसा कशात घालावा: बॉडीत, काचेत की कपाटात?

खाडीकाठ (धागा सुरू करणारे)

दापोली-गुहागरपासून मालवणपर्यंतच्या पट्ट्यात पक्षी टिपणाऱ्या हौशी माणसाने दोनेक लाखांत काय घ्यावं, हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडावर निघतो. उत्तर ठरलेलं: नवी मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, घ्या आणि उरलेल्या पैशात बसेल ती लेन्स. मला हे उफराटं वाटतं. माझी मांडणी खाली देतोय, खोडून काढा.

पक्ष्याकडून किती प्रकाश मिळणार हे सेन्सरच्या आकारापेक्षा लेन्सच्या तोंडावर ठरतं. फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मिमीचा आकडा) एफच्या आकड्याने भागा, तोंडाचा व्यास मिळतो. कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ घेतली तर टोकाला ४०० भागिले ८, म्हणजे ५० मिमी. निकॉनची जुनी २००-५०० एफ/५.६ घेतली तर ५०० भागिले ५.६, जवळपास ८९ मिमी. दोन्हींचे वर्ग करून ताडून बघा, दुसरी लेन्स त्याच पक्ष्याकडून सव्वातीन पट प्रकाश गोळा करते.

आता पिक्सेल. पाऊण मीटर लांबीचा समुद्री गरुड ८० मीटरवरच्या सुरूच्या शेंड्यावर बसलाय असं धरा. ४०० मिमीने सेन्सरवर त्याची प्रतिमा पावणेचार मिमीची पडते. कॅननच्या आर७ या मिररलेस बॉडीचा पिक्सेल ३.२ मायक्रॉनचा, म्हणजे गरुड सुमारे ११७० पिक्सेल लांब. त्याच जागी निकॉनची २०१६ सालची डीएसएलआर, म्हणजे आरशाची बॉडी, डी५०० (पिक्सेल ४.२ मायक्रॉन) आणि ५०० मिमी लावली तर सुमारे १११०. तपशील जवळजवळ तेवढाच, प्रकाश सव्वातीन पट. श्रावणात ढगाखाली उंबरावर बसलेल्या धनेशासाठी हाच फरक आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० चा ३२०० करतो, आणि बाकीचा फायदा प्रतिमा सेन्सरवर मोठी पडल्यामुळे मिळतो.

डी५०० आणि २००-५००, दोन्ही सेकंडहँड घ्या. उरलेल्या पैशात ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट. बस.

फोकसवाला

गणित चोख आहे, पण ते बसलेल्या पक्ष्याचं आहे. खाडीच्या तोंडाशी सूर मारणाऱ्या सुरयांचं (टर्न पक्ष्यांचं) गणित करा की. डी५०० ला १५३ फोकस पॉइंट आहेत, पण पक्ष्यावर ते तुम्हाला धरून ठेवावे लागतात. आर७ डोळा शोधते आणि धरून ठेवते. चुकलेल्या फोकसवर सव्वातीन पट प्रकाश पडला काय आणि दहापट पडला काय!

दुसरं, वजन. डी५०० बॅटरीसह ८६० ग्रॅम, २००-५०० ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसह २३०० ग्रॅम, मिळून ३ किलो १६० ग्रॅम. आर७ आणि १००-४०० मिळून सव्वा किलो. आंजर्ल्याच्या खाडीत होडी हलतेय, ट्रायपॉड निरुपयोगी, मोनोपॉड इंजिनाची थरथर जशीच्या तशी वर पाठवतो. कॅमेरा हातातच धरायचा. तीन किलो घेऊन दहा मिनिटांनी हात खाली येतो, आणि पक्षी नेमका अकराव्या मिनिटाला येतो.

तिसरी गोष्ट डीएसएलआर विकणारे सांगत नाहीत. तिथे फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे बॉडी आणि लेन्सची जोडी थोडी पुढे किंवा मागे फोकस करू शकते. ते सुधारायला मेनूत एएफ फाइन ट्यून ही सोय आहे, पण डी५०० मध्ये एका लेन्सला एकच आकडा भरता येतो. झूममध्ये २०० ला एक आकडा लागतो, ५०० ला दुसरा. मग ५०० चा भरायचा आणि २०० ला नशिबावर सोडायचं.

खाडीकाठ

फाइन ट्यूनचं मान्य. पक्ष्यांसाठी लेन्स ९० टक्के वेळ टोकालाच असते, त्यामुळे ५०० चा आकडा भरून काम भागतं. पण आर७ चं कौतुक करताना तिची खोटही सांगा. इलेक्ट्रॉनिक शटरवर तिचा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला साधारण १/३० सेकंद लागतो. सुरयाचा पंख तेवढ्यात कुठल्या कुठे जातो आणि फोटोत केळीच्या पानासारखा वाकडा दिसतो. सुरयांसाठी मेकॅनिकल शटर लावायचं, सेकंदाला १५ फ्रेम पुष्कळ झाल्या. मेनूतला इलेक्ट्रॉनिक शटरचा ३० फ्रेमचा आकडा बसलेल्या बगळ्यासाठी!

बुरशीवैरी

तुम्ही दोघं पक्ष्यावरून भांडताय, आणि इकडे लेन्समध्ये जाळं विणलं जातंय. २००-५०० झूम करताना लांब होते, म्हणजे दर वेळी बाहेरची हवा आत ओढते. आणि फोकसवाल्यांची १००-४०० सुद्धा तशीच लांबते, तेव्हा कोणी कोणाला हसू नये. आत झूम होणारी लेन्स (निकॉन १८०-६००, सोनी २००-६००) किनाऱ्यावर खरी शहाणी, पण बॉडीसकट दोन लाखांत ते कठीण.

आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरात सहज ८५ च्या वर असते. त्यामुळे सेकंडहँड लेन्स घेताना आधी ती कुठल्या गावात होती ते विचारा, मग काच बघा. दोन्ही टोपणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. सरळ धरलात तर नुसता झगमगाट दिसेल. धुळीचे कण सुटे दिसतात. बुरशी काचेच्या कडेपासून निघते आणि कोळ्याच्या धाग्यासारखी फांद्या फोडत मध्याकडे येते. झूम दोन्ही टोकांना नेऊन बघा, कारण मधला गट सरकल्यावर लपलेला डाग समोर येतो. मग माउंटचे (लेन्स बॉडीला जिथे बसते तिथले) स्क्रू बघा. खाचेत तांबूस गंज असेल तर लेन्स खारं वारं प्यायली आहे. बॉडीचा बॅटरीचा खण उघडून टोकांवर पांढरट किंवा हिरवट पूड आहे का तेही बघायचं.

‘थोडीशी बुरशी आहे, फोटोत दिसत नाही’ असं विकणारा सांगतो, ते सावलीतल्या फोटोपुरतं खरं असतं. सूर्य समोर घ्या, सगळा काळा रंग राखाडी होतो. उन्हात ठेवून बुरशी मरेलही, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर तो ओरखडा कायमचा.

तिरपागड्या

आमच्याकडे अजून ‘कपाटात ४० वॅटचो बल्ब लावून ठेवा, बुरशी येवची नाय’ असां सांगणारे आसत. त्यांचां काय?

बुरशीवैरी

बल्बने पाणी जात नाही, हवा फक्त तापते. २८ अंशांना ९० टक्के असलेली हवा ३४ अंशांपर्यंत नेली तर आर्द्रता ६५ च्या आसपास येते. म्हणजे बुरशीच्या उंबरठ्यावरच. वर वीज गेली की कपाट गार होतं आणि पाणी परत हजर.

कॅबिनेट नसेल तर रबरी कड्याचा घट्ट झाकणाचा डबा, २० लिटरचा, २५० ग्रॅम सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. ३० च्या खाली सतत राहिला तर रबर आणि वंगण सुकतं. डबा एकदा उघडला की आत येणाऱ्या दमट हवेत पाणी असतं जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे उघडझाप हा शत्रू नाही. शत्रू आहे गळ्यातला पट्टा. घामाने आणि पावसाने भिजलेला पट्टा पाच-दहा ग्रॅम पाणी घेऊन आत जातो, दहा-वीस वेळा डबा उघडल्याइतकं. पट्टा सोडून बाहेर वाळत घाला. बॅगेची गादी, पुसायचं फडकं, लेन्सची कापडी पिशवी, काहीही आत नको. जेलचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास, आणि गार होईपर्यंत बंद बरणीत, नाहीतर ओट्यावरच परत पाणी पितात.

फोकसवाला

हे सगळं मान्य करूनही म्हणतो: म्हणूनच सीलबंद बॉडी हवी.

बुरशीवैरी

सील बॉडीपुरतं असतं. आर७ ला सील आहे, १००-४०० ला नाही, म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड. धूळ-पाणी किती सोसेल याचा आयपी आकडा छापणारे कॅमेरे थोडेच. ओएम-१ ला आयपी५३ आहे, तोही ठरावीक लेन्स लावल्या तरच. त्यातला ३ सांगतो की उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपा येणारा फवारा सोसेल. मुरुडच्या किनाऱ्यावर जुलैतला पाऊस किती अंशांनी येतो ते ज्याने बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. आणि ती चाचणी गोड्या पाण्याची.

कातळवेडा

विषय गरुडावरून हलेचना म्हणून लिहितोय. कोकण फक्त आभाळात नाही. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची (जांभ्याच्या पठारांवरची) कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि त्यांचे बहुतेक फोटो माणसाच्या उंचीवरून काढलेले, त्यामुळे बिघडलेले. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. उभ्याने काढला तर सोंड टेबलाएवढी आणि शेपूट दोरीएवढी येते.

इथे ना नवी बॉडी लागते ना ५०० मिमी. दहा वर्षांपूर्वीची कुठलीही क्रॉप (छोट्या सेन्सरची) बॉडी, १० मिमी लेन्स, आणि ३ मीटरचा दांडा. कॅमेरा सरळ खाली बघणारा, मोबाइलवरून शटर. एका फ्रेममध्ये साधारण ७ बाय पावणेपाच मीटर जागा येते. एक तृतीयांश भाग एकमेकांवर ठेवला तर अख्ख्या हत्तीला चार रांगांत चार-चार, असे १६ फोटो लागतात. आयएसओ १००, एफ/८, फोकस एकदा लावून हाताने कुलूपबंद, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर सगळ्या फ्रेमना एकच, नाहीतर जोडताना पट्टे दिसतात.

वेळ महत्त्वाची. तीन सेंटीमीटर खोल चरावर १५ अंशांचं ऊन आलं की ११ सेंटीमीटर सावली पडते आणि चित्र उठून येतं. दुपारी बारा वाजता तोच हत्ती नुसता जांभा. उभं राहायचं ते सूर्य समोर ठेवून, फ्रेमच्या मागे, म्हणजे तुमची सावली पाठीमागे जाते. कॅमेऱ्याची सावली तर ११ मीटर लांब पडते, ती फ्रेममध्ये येतच नाही. येतात ते पाय! दांडा पुढे झुकवून धरायचा, आणि झुकला तरी कॅमेरा खालीच बघेल असा बॉल हेड (दांड्याच्या टोकाचा वळता जोड) वळवून घ्यायचा. चरांवर पाय द्यायचा नाही, आणि फोटोत उठून दिसावं म्हणून त्यात पाणी किंवा खडू तर मुळीच नाही.

फोकसवाला

हे आवडलं. म्हणजे कातळासाठी बॉडीवर शून्य खर्च. पण सड्यावरच सकाळी दहानंतर टिटवीचा फोटो घेऊन बघा. तापलेल्या जांभ्यावरची हवा थरथरते, तिथे ८९ मिमीचं तोंडही चिखल देतं. त्याला औषध एकच, जवळ जाणं, आणि सव्वा किलो घेऊन रांगत जाता येतं.

खाडीकाठ

रांगण्याचा मुद्दा पटला. मूळ मांडणीत बदल: होडीत किंवा सड्यावर जास्त वेळ जाणाऱ्याने हलका संच घ्यावा, झाडीतल्या धनेशांसाठी आणि पावसाळी उजेडासाठी मोठं तोंड. कॅबिनेट दोघांनाही, ते मागे घेत नाही.

एक प्रश्न राहिला. किनाऱ्यावरून आल्यावर पुसायचं कशाने? दुकानात लेन्सचं द्रावण देतात.

बुरशीवैरी

ते द्रावण बहुधा अल्कोहोलचं असतं आणि मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. तुम्ही मिठाचे खडे काचेवर फिरवता, इतकंच. आधी ब्लोअरने वाळू उडवा, लेन्सचं तोंड खाली धरून. मग गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने बॉडी, रिंगा, हूड. काचेसाठी वेगळं फडकं, शुद्ध पाण्याचा एक थेंब कापडावर, काचेवर नाही. द्रावण शेवटी. ट्रायपॉडचे पाय मात्र सरळ नळाखाली. आणि लाटेत उभा करताना सगळ्यात खालचा भाग आधी उघडा, म्हणजे वरच्या कुलपांमध्ये खारं पाणी शिरत नाही.

तिरपागड्या

आणि दोन दिवस लाईट गेली तर कॅबिनेटाचां काय?

बुरशीवैरी

दार उघडू नका. आत सिलिका जेलची एक पुरचुंडी कायम पडू द्या.