मदत हवी आहे : नरारा येथे ओहोटीची नेमकी वेळ कशी काढावी?

कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान पाहण्यासाठी आम्ही चौघे पौष अमावास्येच्या सुमारास मुंबईहून रेल्वेने जामनगरला जाणार आहोत. पिरोटन बेटासाठी बोट आणि परवानगी दोन्ही जुळवावी लागत असल्याने तो विचार सोडला असून वाडीनारजवळील नरारा येथे ओहोटीत पायी फिरण्याचे ठरवले आहे. पाणी हटल्यावर खडकांतल्या डबक्यांत जिवंत प्रवाळ, समुद्रफूल आणि नशिबाने ऑक्टोपसही पाहायला मिळावा, एवढ्यासाठीच हा प्रवास आहे.

अमावास्येला उधाणाची ओहोटी खूप खाली जाते, म्हणून ती तिथी निवडली. आखाताच्या तोंडाशी असलेल्या ओखा बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रकही मिळवले. परंतु नरारा आखातात आणखी आत असल्याने तेथे पाणी उशिरा उतरणार. शिवाय उधाणाची नीचतम ओहोटी भल्या पहाटे किंवा अंधार पडताना आली, तर सारा बेत फुकट जाईल. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे दोन-तीन दिवस मागेपुढे करण्याची आमची तयारी आहे.

वडील अडुसष्ट वर्षांचे असून त्यांचे गुडघे दुखतात. निसरड्या खडकावर तोल जाऊन प्रवाळावर पाय पडू नये, याची मला विशेष काळजी वाटते.

नरारा येथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे : ओख्याच्या वेळेत किती मिनिटे मिळवावीत, आणि अमावास्येनंतर कितव्या दिवशी उजेडात पुरेशी ओहोटी मिळते?