अ‍ॅश बार्टीने पंचविशीत रॅकेट खाली ठेवली, पटतं का?

ऋतुजा_द
मला अजूनही पटलेलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाची ही टेनिसपटू मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन एकही सेट न गमावता जिंकली. एकेरीत ऑस्ट्रेलियाला घरचा विजेता मिळाला तो ४४ वर्षांनी. आणि मार्चमध्ये निवृत्ती, तीही अव्वल क्रमांकावर असताना! त्याच वर्षी पोलंडची इगा श्वियाँतेक सलग ३७ सामने जिंकली. दोघींची गाठ दोनदाच पडली होती, दोन्ही वेळा बार्टीने तिला हरवलं होतं. ही जोडी पाच-सहा वर्षं भिडली असती तर काय टेनिस बघायला मिळालं असतं! शिवाय यूएस ओपनमध्ये एकेरीत चौथ्या फेरीपुढे ती कधी गेलीच नाही. ते राहूनच गेलं.

मिलिंद७४
ऋतुजाताई, राहून गेलं ते आपलं, तिचं नाही. १५ व्या वर्षी विम्बल्डनची ज्युनियर विजेती झालेली ही मुलगी २०१४ मध्ये टेनिस सोडून घरी गेली होती. ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली. २०१६ मध्ये परतली ती आपणहून. तिचं लहानपणापासूनचं स्वप्न एकच, विम्बल्डन. ते २०२१ ला पुरं झालं, ऑस्ट्रेलियाच्याच इव्हॉन गूलागाँगच्या तिथल्या पहिल्या विजेतेपदानंतर बरोब्बर ५० वर्षांनी. तेव्हा तिच्या स्कर्टची कड बघितलीत? गूलागाँगच्या १९७१ च्या ड्रेससारखी कमानीकमानींची. दोघी आदिवासी वारशाच्या. एवढं मनासारखं झाल्यावर आणखी कशासाठी खेळायचं? आता देण्यासारखं काही उरलं नाही, असं तिनेच सांगितलं.

किरण_बेळगाव
मिलिंदरावांशी सहमत. २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे मार्चपासून सप्टेंबरपर्यंत ती घरी जाऊच शकली नाही. युरोपातली खेळाडू दोन स्पर्धांच्या मध्ये घरी जेवून येते.

ऋतुजा_द
घरचा मुद्दा मान्य, किरण. तो मी धरलाच नव्हता. पण खेळ संपलेला नव्हता हो! मेलबर्नची ती अमेरिकेच्या डॅनिएल कॉलिन्सविरुद्धची फायनल पुन्हा बघा. दुसऱ्या सेटमध्ये १-५ ने मागे. तिथून एकेक गेम खेचून आणला. बॅकहँडचा तो स्लाइस जाळीवरून जेमतेम जायचा आणि पलीकडे उसळायचाच नाही, कॉलिन्सला गुडघ्यात वाकून चेंडू उचलावा लागायचा. टायब्रेक घेतला, शेवटचा फोरहँड क्रॉसकोर्ट मारला आणि एरवी एवढी शांत असणारी बार्टी अक्षरशः गरजली. त्यानंतर ती एकेरीचा एकही सामना खेळली नाही.